मावळातील घरांची हकीकत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी पाककृती देते, कोणी विणकामाचे नमुने देते, कोणी सहलीचा वृत्तान्त लिहिते. या वर्षी अध्यक्षबाईंनी मला "गावाविषयी काही तरी लिहून द्या" असे सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु वाचनाची आवड लग्नानंतरही सुटली नाही, आणि सासरी मामंजी व सासूबाई या दोघांच्या तोंडून जुन्या गोष्टी भरपूर ऐकायला मिळाल्या. त्यांना वाचनालयातील पुस्तकांची जोड दिली आणि हा लेख तयार केला.

विषय निवडायला फार वेळ लागला नाही. हल्ली आपल्या कुसगावात चार बायका जमल्या की दुसरे बोलणेच नसते. अमक्याचे खाचर गेले, तमक्याच्या माळावर बंगल्यांची वसाहत होणार, रस्त्याकडेला मोठमोठ्या इमारतींचे फलक लागले. कोणाला आनंद होतो, कोणाला धास्ती वाटते. माझ्या मनात असे आले, की आपल्या मावळात बाहेरच्या माणसाने घर बांधण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. पूर्वी कोण कोण आले, त्यांनी येथून काय नेले आणि मागे काय ठेवले, हे एकदा नीट पाहून घ्यावे. म्हणजे आज आपण काय विचारायला हवे ते कळेल.

प्रथम आपल्या भूमीविषयी थोडे सांगते. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन फिरताना दिसतात, याचे बाहेरच्या लोकांना मोठे नवल वाटते. कारण अगदी साधे आहे. आपल्या पायांखाली काळा कातळ आहे आणि त्यावर मातीचा थर पातळ आहे. पडलेले पाणी ओढ्यांतून धावत इंद्रायणीला मिळते. जे थोडे थांबते ते भाताच्या खाचरात थांबते. बांध घालून खाचरात पाणी कोंडायचे, चिखलणी करायची, आवण लावायचे. चार महिने ते पाणी तेथे उभे राहते, हळूहळू मुरते आणि खालच्या विहिरीला पाझरते. म्हणून खाचर हे केवळ भाताचे शेत नव्हे. ते गावाचे पाणी साठवण्याचे भांडेही आहे. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढची सारी हकीकत समजायला सोपी जाईल.

आपल्या मुलखात बाहेरून राहायला आलेल्यांपैकी ज्यांचा लेखी पुरावा सापडतो असे फार जुने लोक म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांतील भिक्षू. एकवीरा आईच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. देवळाला लागून जी लेणी आहेत, त्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने करजिक नावाचा गाव या लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिला, असे त्यांतील एका लेखात कोरलेले आहे. येथे पावसाळा काढण्यासाठी जे कोणी राहतील त्या सर्वांसाठी हे दान होते. म्हणजे पावसाळ्यात मावळात मुक्कामाला येण्याची रीत आजची नव्हे! पण त्या पाहुण्यांची एक गोष्ट मला फार आवडली. कार्ल्याला काय किंवा भाज्याला काय, लेण्यांच्या शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी त्यांनी राहत्या जागीच धरून ठेवले. ज्याने घर कोरले त्यानेच आपल्या पाण्याची सोय केली.

त्यानंतर मधली शतके गेली. लोहगड-विसापूर झाले, शिवाजी महाराजांचे मावळे झाले. तो इतिहास आपल्या मुलांना शाळेत शिकवतात, म्हणून येथे लिहीत नाही. आपल्या विषयाला लागणारी पुढची मोठी गोष्ट म्हणजे आगगाडी.

मुंबई ते ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली. पण पुण्याला यायचे तर बोरघाट आडवा. १८५६ साली घाटाचे काम सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. काम ऐन भरात असताना एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे घाटात राबत होती. पटकीने आणि तापाने त्यांतली हजारो दगावली. यात एक गोष्ट आपणा बायकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. १८५९ साली या कामाचा ठेका घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची बायको ॲलिस हिने तो ठेका सोडून दिला नाही. जाणकार इंजिनिअर हाताशी धरून तिने काम पुरे करून घेतले. परक्या देशात आलेल्या विधवेने हे केले. घाटात दगड वाहणाऱ्या आपल्या बायांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

गाडी आली आणि तिच्यामागून बंगले आले. मुंबईच्या उन्हाळ्याला कंटाळलेले साहेब, पारशी गृहस्थ, शेटजी यांनी खंडाळा-लोणावळ्यास घरे बांधली. १८७७ साली लोणावळ्यास नगरपालिका झाली. वाफेच्या इंजिनाला पाणी फार लागे, म्हणून रेल्वेने भुशीचे धरण बांधले. आज पावसाळ्यात तेथे पाय ठेवायला जागा नसते, पण ते मुळात इंजिनांसाठी होते. आसपासच्या गावांना या नव्या लोणावळ्याने कामही दिले, हे नाकारता येणार नाही. दूध, भाजी, गवताचे भारे, जांभळे-करवंदे विकून पुष्कळ घरे चालली. मामंजींच्या आजी डोक्यावर दुधाची चरवी घेऊन पहाटे लोणावळ्याला जात, असे ते सांगत असत. तेव्हाचे बंगलेवाले थोडे होते आणि गावाच्या शेतीला त्यांचा धक्का लागला नव्हता. म्हणून ते खपून गेले.

पुढचे आले ते मात्र घर बांधण्यासाठी आले नाहीत. ते पाण्यासाठी आले. जमशेटजी टाटांच्या मनात मुंबईच्या गिरण्या पाण्याच्या विजेवर चालवाव्यात असे होते. ते १९०४ साली वारले, पण मुलांनी व कंपनीने ती योजना तडीस नेली. १९११ साली लोणावळ्यास पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे धरणे बांधली गेली, नळांतून पाणी घाटाखाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. आता भूगोल पाहा. आपल्या डोंगरावर पडलेला पाऊस स्वभावतः पूर्वेला जायचा. इंद्रायणीतून देहू-आळंदी, तेथून भीमा आणि भीमेतून पंढरपूर. धरणात अडवलेले तेच पाणी उलटे वळले, खोपोलीला उतरले आणि पाताळगंगेतून पश्चिमेच्या समुद्राला गेले. विठोबाच्या वाटेला लागलेले पाणी मुंबईच्या गिरण्यांकडे वळले, असे सासूबाई म्हणत. त्यात चूक काही नाही. मुंबईला वीज मिळाली. 'धरण उशाला नि कोरड घशाला' ही म्हण मात्र आपल्याकडे सर्वांच्या तोंडी बसली.

टाटांचे त्यानंतरचे एक धरण मुळशीचे. तेथे शेजारच्या मावळ्यांनी जे केले ते साऱ्या देशाने पाहिले. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. त्या लढ्यातूनच लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. बायका-मुलेही धरणाच्या पायात जाऊन बसली, तुरुंगात गेली. लढा सुमारे तीन वर्षे चालला आणि शेवटी हरला. सुमारे ५० गावांची उत्तम भातशेती पाण्याखाली गेली.

हरण्याचे एक कारण मी वाचले ते मला फार बोचले. पेट्यातील पुष्कळ जमीन सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्याच नावावर होती. कसणारा म्हणे, जमीन देणार नाही. ज्याचे नाव कागदावर, तो म्हणे, पैसे चांगले मिळतात, घेऊन टाकू. कसणाऱ्याचे घर गेले आणि मोबदल्याचा मोठा वाटा कागदवाल्याच्या हाती गेला. तेव्हा जमिनीच्या प्रश्नात नाव कोणाचे आणि सही कोणाची, याला किती महत्त्व आहे ते ओळखावे. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

स्वराज्य आले. १९४८ साली कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणाऱ्या कुळांना मालक होण्याचा हक्क मिळाला. त्या दिवसाला कृषक दिन म्हणतात. सात-बाराच्या उताऱ्यावर पहिल्यांदा स्वतःचे नाव पाहून आमचे आजेसासरे रडले होते, अशी घरात आठवण आहे. शेतकरी नसलेल्या माणसाने शेतजमीन विकत घेऊ नये, अशी अटही याच कायद्यात घातली. पुढे तिला कितीतरी वाटा फुटल्या, तो भाग निराळा.

पुढे पवनेचे धरण १९७२ च्या सुमारास पुरे झाले. पवन मावळातील गावे उठली. पाणी पिंपरी-चिंचवडला गेले. तेथे कारखाने व वस्ती वाढली, त्यांना पाणी लागणारच. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतील कित्येकांचे पुनर्वसन ५० वर्षे उलटली तरी पुरे झालेले नाही. माझे माहेर त्याच भागातले असल्यामुळे 'धरणग्रस्त' हा शब्द मला लहानपणी आडनावासारखा वाटे. नंतर धरणापासून शहरापर्यंत बंद नळाने पाणी नेण्याची योजना निघाली. नदीचे वाहते पाणी बंद होईल, विहिरी आटतील, या भीतीने लोक रस्त्यावर आले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन माणसे मेली. त्यांत एक बाई होती. शेतातून उठून आलेली तुमच्या-माझ्यासारखीच. ती योजना मग पुष्कळ वर्षे अडून राहिली.

आता आपल्या गावाकडे येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००० साली अंशतः आणि २००२ साली पूर्ण खुला झाला. तो आपल्या कुसगावच्या अंगावरूनच गेला. जवळच सिंहगड संस्थेची महाविद्यालये आली. मुलांच्या राहण्या-जेवण्याची गरज निघाली, खाणावळी निघाल्या, खोल्या भाड्याने गेल्या. २०१९ साली खोपोलीपासून कुसगावपर्यंतच्या नव्या जोडरस्त्याचे काम सुरू झाले. हा रस्ता सुमारे १३ किलोमीटरांचा. त्यातला एक बोगदा जवळजवळ ९ किलोमीटर लांब आहे आणि लोणावळ्याच्या तलावाखालून जातो. मुंबईकरांचा वीस-पंचवीस मिनिटांचा वेळ वाचावा म्हणून हा खटाटोप. पूर्वी मुंबईकराला घाट चढून लोणावळा लागे. या रस्त्याने आला तर त्याला प्रथम कुसगाव लागेल. म्हणून आपल्या माळाला भाव आला. मोटारीतून उतरून आपल्या घराचा पत्ता विचारणारी माणसे दलाल असतात, हे आता लहान मुलेही ओळखतात.

असे घडले म्हणजे काय होऊ शकते, त्याचे उदाहरण दूर नाही. मोसे नदीच्या खोऱ्यात वरसगाव धरणाच्या काठी लवासा नावाचे शहर वसवायला घेतले. हजारो एकरांचा पसारा, परदेशी धर्तीची रंगीत घरे. पर्यावरणाची परवानगी नीट घेतली नाही म्हणून नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने काम थांबवण्याची नोटीस दिली. पुढे कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ साली दिवाळखोरीच्या कामकाजात गेली. ज्यांनी तेथे घरासाठी पैसे भरले ते शहरातले लोकही अडकले. मग ज्यांनी डोंगर विकले त्यांचे काय झाले असेल? डोंगराला पाडलेल्या पायऱ्या मात्र तशाच राहिल्या. डोंगर कापण्याचे भय आपण हलके मानू नये. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव कड्याखाली गडप झाले. १५१ माणसे गेली. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात डोंगरउतार जपा आणि काय करायचे ते ग्रामसभांना ठरवू द्या, असेच सांगितले होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की ही बाई नव्या घरांच्या विरुद्धच आहे. तसे नाही. माझी एक मैत्रीण आहे. तिच्या घरच्यांनी दहा गुंठे विकले आणि त्या पैशांत मुलीला नर्सिंगचे शिक्षण दिले. मुलगी पुण्याला नोकरी करते, घरी पैसे पाठवते. ती मैत्रीण मला विचारते, "भात लावून मी तिला शिकवू शकले असते का?" याला माझ्याजवळ उत्तर नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ आज शहरात नावाने विकला जातो. पण लावणीची मजुरी, खत, मळणी वजा जाता खाचराच्या धन्याच्या हाती काय उरते ते आपण जाणतोच. आपल्यापैकी कितीजणी बंगल्यांवर स्वयंपाकाला आणि साफसफाईला जातात. कितीजणींचे यजमान किंवा मुले तेथे रखवालदार आहेत, माळी आहेत. त्या पगारावर चूल पेटते. तेव्हा घरे नकोत, असे मी म्हणत नाही. घर ज्याला हवे त्याने ते अवश्य बांधावे. पण या घरांचा खर्च कोणाच्या पदरी पडतो ते तपासले पाहिजे.

पहिला खर्च पाण्याचा. खाचरात मुरूम टाकून ते सपाट केले, वर फरशी बसवली, की चार महिने तेथे थांबणारे पाणी थांबत नाही. ते गावठाणात शिरते. मागील दोन पावसाळ्यांत आमच्या आळीत गुडघाभर पाणी आले. सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या लग्नापासून असे कधी झाले नव्हते. आणि उन्हाळ्यात उलट होते. वसाहतीत खोल कूपनलिका घेतात, पोहण्याचा हौद भरतात, हिरवळीला पाणी घालतात आणि शेजारची विहीर फाल्गुनातच तळ दाखवते. सांडपाण्याचे म्हणाल तर ते ओढ्यात आणि ओढ्यातून इंद्रायणीत. आळंदीला नदीवर पांढरा फेस येतो, तो पाहून वारकरी हळहळतात. त्या फेसाची सुरुवात नदीकाठच्या सर्व गावांत थोडी थोडी होत असते.

दुसरा खर्च मजूर बायांचा. खाचर विकले की धन्याला किंमत मिळते. पण त्या खाचरात दरवर्षी आषाढात लावणीला आणि कार्तिकात कापणीला जाणाऱ्या बाईला काय मिळते? तिचे नाव सात-बारावर नाही, करारावर नाही, कोठेच नाही. मुळशीला हेच झाले होते. आपल्या वाडीतील कातकरी बायांना तर कोणी विचारतही नाही. गुरे चारायचा माळ, सरपणाची वाट, ओढ्यावरची धुण्याची जागा यांना कुंपण पडते, तेव्हा त्याची भरपाई देण्याची रीतच नाही.

तिसरी गोष्ट शेजाराची. या नव्या घरांपैकी पुष्कळ घरांत शनिवार-रविवारीच दिवे लागतात. मधले पाच दिवस तेथे रखवालदार आणि कुत्रे. गावात मयत झाली, लग्न निघाले, पूर आला, तर अशा घरातून कोण धावून येणार? वळवणच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या वन्सं म्हणतात, "आमच्या शेजारी चाळीस घरे झाली, पण हळदीकुंकवाला बोलवायला एकही सुवासिनी नाही." हसण्यासारखे आहे आणि विचार करण्यासारखेही आहे. कायमचे राहायला आलेल्या माणसांचे मात्र तसे नाही. त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शिकतात, त्यांच्या बायका आपल्या मंडळात येतात. या स्मरणिकेच्या वाचकांतही अशा काही भगिनी असतील. त्यांनी माझे बोलणे स्वतःवर घेऊ नये. गावाच्या पाण्याची जेवढी काळजी मला, तेवढीच त्यांनाही आहे.

आता मघाशी सोडलेला सहीचा मुद्दा घेते. पूर्वी जमिनीच्या व्यवहारात बायकांना कोणी विचारीत नसे, कारण वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांबरोबरीचा हक्कच नव्हता. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला, त्यात थोडे मिळाले. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने तो भेदही काढून टाकला. वडील २००५ मध्ये हयात नव्हते तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणून हल्ली जमीन विकायची वेळ आली, की सासरी गेलेल्या बहिणी आठवतात. मोटार पाठवून त्यांना निबंधक कार्यालयात नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. साडी-चोळी होते, जेवण होते. कागदावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला कोणाला सवड नसते. बहीणही विचारीत नाही, कारण माहेर तुटेल अशी तिला भीती असते.

हे दुसऱ्यांचे सांगते असे नव्हे. माझ्या माहेरी रस्त्याकडेची सव्वा एकर जमीन आहे आणि तशाच कागदावर माझी सही मागितली आहे. मी भावाला सांगितले, "दादा, जमीन तू कसणार असशील तर मी आनंदाने सही करते, मला एक पायलीही नको. पण विकणार असशील तर कोणाला विकतोस, तेथे काय होणार, खालच्या आळीच्या विहिरीचे काय, एवढे मला कळू दे." भाऊ रागावला. गेल्या भाऊबीजेला ओवाळणीचे ताट मी सायंकाळपर्यंत मांडून ठेवले, तो आला नाही. मला वाईट वाटले आणि अजूनही वाटते. पण सही मी केलेली नाही. पैशाचा वाटा मिळावा म्हणून ही सही अडवलेली नाही, एवढे येथे स्पष्ट लिहिते. ज्या विहिरीचे पाणी पिऊन मी वाढले, तिच्याविषयी विचारण्याची संधी मला आयुष्यात एकदाच मिळणार आहे, आणि ती या सहीच्या आधी आहे. नंतर मला कोण विचारील?

तर आता करायचे काय? मोर्चा काढा, दगड मारा, असे मी सांगणार नाही. कायद्याने आपल्या हाती काही साधी साधने दिली आहेत, ती वापरली तरी पुष्कळ होईल. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे कायद्यात आहे. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. महिलांच्या सभेत सांगितलेली गोष्ट कार्यवृत्तात लिहून घेता येते. परंतु त्या सभेला आपण जातो किती? सही पाठवून देतो आणि भात टाकायला वळतो.

जमिनीच्या फेरफाराची नोटीस चावडीवर लागते आणि पंधरा दिवसांत हरकत घेता येते. तलाठी, ज्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे जाऊन आपला उतारा आपण पाहू शकतो, मोबाइलवरही दिसतो. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील आठांहून अधिक सदनिकांच्या बांधकामाची महारेराकडे नोंद करावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. आपल्या नवीन सुना शिकलेल्या आहेत. त्यांना ही कामे दहा मिनिटांची आहेत.

नवे बांधकाम निघाले म्हणजे आपण चार गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. पिण्याचे आणि वापरायचे पाणी कोठून आणणार? पावसाचे पाणी कोठे धरणार? सांडपाणी कोठे सोडणार? आणि ओढा, पाणंद व माळावर जाण्याची वाट मोकळी राहणार ना? या चारांची लेखी उत्तरे जो देईल त्याच्या घराला आपण नारळ घेऊन जाऊ. जो देणार नाही त्याला ग्रामसभेत पुन्हा विचारू.

अध्यक्षबाईंना माझी एक विनंती आहे. मंडळाच्या कपाटात भिशीची वही आहे, भजनाची वही आहे. तेथेच एक तिसरी वही ठेवावी. तीत गावातल्या प्रत्येक विहिरीचे नाव लिहावे आणि दर महिन्याच्या सभेला ज्या त्या आळीच्या बाईने पाणी किती हातांवर आहे ते सांगावे. कोणते खाचर भरले, कोणता ओढा वळवला, तेही तारखेनिशी लिहावे. बोरघाटात राबलेल्या बायांची नावे कोणी लिहिली नाहीत. आपल्या विहिरींची नावे तरी आपल्या हाताने लिहून ठेवू. पुढे कोणी सरकारी माणूस किंवा बांधकामवाला "येथे पाणी पूर्वीपासूनच कमी होते" असे म्हणाला, तर ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.

वहीचे चाळीस रुपये मी या लेखाबरोबरच खजिनदारबाईंकडे दिले आहेत. आमच्या आळीच्या विहिरीचे पाणी आज अमावास्येला सात हातांवर आहे. पहिली नोंद तीच करावी, ही विनंती.